कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू असताना चट्टे लाल होऊन सुजले, हातात कळा येतात. गोळ्या बंद कराव्यात का?

मुठाकाठची

नमस्कार. घरातल्या आजारपणाबद्दल विचारायचं आहे. नातेवाइकांत हा विषय मोकळेपणानं काढता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मोठ्या दिरांना कुष्ठरोगाचं निदान झालं आहे. पाठीवर आणि दंडावर फिकट चट्टे होते, तिथे स्पर्श कळत नव्हता. एमबी, म्हणजे जास्त जंतूंचा, प्रकार आहे असं सांगून एमडीटीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांची, पाकिटं सुरू केली. पहिले काही महिने काहीच त्रास नव्हता. आता तेच जुने चट्टे एकाएकी लालभडक झालेत, फुगून वर आलेत, हात लावला तर गरम लागतात. एकदोन नवीनही दिसताहेत. डाव्या कोपरापासून करंगळीपर्यंत कळ जाते, त्यामुळे रात्रीची झोप नाही. परवापासून शर्टाचं बटण लावताना बोटं साथ देत नाहीत म्हणतात. ताप नाही.

सासूबाईंच्या मते गोळ्या उष्ण पडल्या. हडपसरलाच घराजवळच्या एका दवाखान्यात अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, त्यानं फरक नाही. भाऊजींनी कालपासून गोळ्या थांबवल्यात. औषध लागू पडत नाहीये का? की आजार उलटला?

कर्वेनगरकर

जाणकार उत्तर देतीलच. तोवर भाऊजींना डाव्या हातानं जड उचलू देऊ नका. उद्या सकाळी जिथून पाकिटं मिळतात तिथे आधी घेऊन जा.

चतुःशृंगी

ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन लेप्रा रिअ‍ॅक्शनच्या पहिल्या प्रकाराशी फार जुळतं, आणि त्यातली बटणाची गोष्ट मला सगळ्यात काळजीची वाटते. त्वचेवरची लाली ओसरते. नस, म्हणजे मज्जातंतू, गेली तर हात वाकडा होतो. म्हणून आठवड्याभरानं नको, उद्याच दाखवा.

आता तुमचे प्रश्न. औषध लागू पडत नाहीये का? पडतंय. पाकिटातल्या रिफाम्पिसिन या औषधाच्या पहिल्याच डोसात शरीरातले बहुतेक सगळे जिवंत जंतू मरतात. आजार उलटला का? नाही. उपचार पूर्ण होऊन बराच काळ गेल्यावर आजार पुन्हा डोकं वर काढतो त्याला उलटणं म्हणतात. तो सहसा हळूहळू येतो. असा दोन दिवसांत चट्टा पेटून उठत नाही.

मग हे काय आहे? कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतल्या पेशींत आणि नसांना वेढून असलेल्या 'श्वान' नावाच्या पेशींत राहतात. वर्षानुवर्षं प्रतिकारशक्तीचं त्यांच्याकडे लक्ष नसतं किंवा ती त्यांच्यापुढे थंड पडलेली असते. कधी उपचारांमुळे, कधी बाळंतपणानंतर, कधी काहीच कारण न दिसता ती अचानक जागी होते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी त्या जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडतात आणि जिथे अवशेष तिथे सूज येते. चट्ट्यात सूज आली की तो लाल होतो. नसेत सूज आली की मात्र जागा नसते. बोटात घट्ट अंगठी असताना बोट सुजावं तसं होतं, कारण नसेभोवतीचं आवरण ताणत नाही. आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही आणि नस काम सोडते. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नस हाडालगतच्या अरुंद खोबणीतून जाते, म्हणून करंगळी आणि अनामिका आधी जातात.

हा पहिला प्रकार 'बॉर्डरलाइन' गटातल्या रुग्णांत होतो. १९६६ साली रिडले आणि जॉपलिंग यांनी केलेली वर्गवारी आम्ही अजून वापरतो: एका टोकाला प्रतिकार जोरात आणि जंतू नगण्य, दुसऱ्या टोकाला प्रतिकार जवळजवळ नाही आणि जंतू अमाप. मधले लोक अस्थिर असतात. त्यांच्यातल्या साधारण तिघांत एकाला कधी ना कधी अशी रिअ‍ॅक्शन येते आणि उपचाराचे पहिले सहा महिने जास्त धोक्याचे. उपचार संपल्यावरही येऊ शकते, त्यामुळे 'कोर्स झाला, सुटलो' असं धरू नये.

गोळ्या पुन्हा सुरू करा. रिअ‍ॅक्शनवर वेगळं औषध लागतं. बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत म्हणजे दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि दर दोन आठवड्यांनी कमी करत १२ आठवडे. नस धरली असेल तर कोर्स बराच लांबवतात. डोस तपासणारे डॉक्टर ठरवतील, हे वाचून घरी काही सुरू करू नका.

मुठाकाठची

खूप आभार डॉक्टर. आत्ताच भाऊजींना वाचून दाखवलं. उद्या सकाळी निघतोय.

सायकलवाले काका

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. पुणे जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर सायकलनं फिरून चट्टे तपासणं हीच नोकरी. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे, मी फक्त घरी काय बघायचं ते सांगतो.

ताई, उद्या तिथे गेल्यावर नसांची तपासणी करून मागा. दोन भाग असतात. बॉलपेनच्या टोकानं किंवा नायलॉनच्या तंतूनं हातापायांवर ठरलेल्या ठिकाणी हलकंच टेकवून कळतंय का बघतात. डोळे मिटून, रुग्णानं बोट ठेवून जागा दाखवायची. दुसरा भाग ताकदीचा. करंगळी बाजूला काढायला सांगून तिला आतल्या बाजूला दाबायचं. तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उभा करायला सांगायचं आणि खाली दाबायचं. पाऊल घोट्यातून वर उचलायला सांगायचं. डोळे हलके मिटायला सांगून फट राहते का बघायचं. हे सगळं कार्डावर लिहितात. आज लिहिलेलं पुढच्या वेळी ताडून बघितलं की नस सुधारतेय का बिघडतेय ते आकड्यात कळतं. कार्डावर ते लिहिलेलं नसेल तर लिहायला लावा, लाजू नका.

आणि एक. दुखणाऱ्या नसेपेक्षा मला न दुखणारी नस जास्त घाबरवायची. काही रुग्णांत कळ नाही, सूज दिसत नाही, आणि हळूहळू पकड सैल होत जाते. भाकरी थापताना, चहाचा कप धरताना पहिल्यांदा लक्षात येतं. त्याला आम्ही मुकी नस म्हणायचो. म्हणून दुखो न दुखो, दर महिन्याला पाकीट घ्यायला गेलं की नसा तपासायच्याच.

हात गळून पडत असेल तर कोपर किंचित वाकवून मऊ कापडात झोळी करून ठेवा. चोळायचं नाही, शेकायचं नाही. बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी लावून फोड आलेले किती हात मी बघितले, आठवलं तरी वाईट वाटतं.

पाषाणरोड

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकतोय, एक शंका आहे. जंतू पहिल्याच डोसात मरतात, तर मग रिअ‍ॅक्शन इतक्या उशिरा का? आणि काहींना वर्षानुवर्षं का येत राहते?

चतुःशृंगी

चांगला प्रश्न. मेलेला जंतू म्हणजे नाहीसा झालेला जंतू नव्हे. हा जंतू विलक्षण संथ आहे, दुप्पट व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. १८७३ साली हॅन्सननं तो पाहिला, पण आजही प्रयोगशाळेतल्या कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाही. उंदराच्या पंजात नाहीतर आर्माडिलोत वाढवावा लागतो. त्याची मेणासारखी भिंत शरीराला पचायला वेळ लागतो. ज्यांच्या त्वचेच्या नमुन्यात जंतूंचा निर्देशांक (० ते ६ या मापावर) ५ किंवा ६ असतो, त्यांच्यात तो वर्षाला जेमतेम एकानं उतरतो. म्हणजे गोळ्या बारा महिन्यांत संपल्या तरी अवशेष चारपाच वर्षं आत असतात, आणि प्रतिकारशक्ती त्यांच्याशी झगडत राहते.

त्या गटातल्या लोकांना जी रिअ‍ॅक्शन येते ती दुसऱ्या प्रकारची, ईएनएल. तिची घडण वेगळी. तिथे अवशेष आणि अँटिबॉडी यांचे गुंते तयार होतात, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात, न्यूट्रोफिल पेशी तिथे गोळा होतात, टीएनएफ नावाचं रसायन रक्तात वाढतं. त्यामुळे हा नुसता त्वचेचा त्रास राहत नाही. ताप, सांधे, डोळे, गाठी, पुरुषांत वृषण, कधी मूत्रपिंड. लेप्रोमॅटस, म्हणजे अमाप जंतूंच्या, टोकाच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हे भोगावं लागतं.

बोपोडीची मेधा

डॉक्टरांनी ईएनएल लिहिलं म्हणून राहवलं नाही. माझ्या आईला तेच होतं.

तिला अंगभर चट्टा एकही नव्हता. चेहरा जरा तुकतुकीत, भुवया विरळ झालेल्या, पायांना सूज. वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. मग ताप यायला लागला आणि नडग्यांवर, दंडांवर बोराएवढ्या लाल गाठी, हात लावू द्यायची नाही. सांधे धरले. एका मोठ्या रुग्णालयात संधिवाताची तपासणी झाली, रक्तात आरए फॅक्टर आला, तेवढ्यावर संधिवाताचे उपचार बराच काळ चालले. स्टेरॉइड दिलं की बरं वाटायचं, कमी केलं की गाठी परत. शेवटी एका त्वचातज्ज्ञांनी कानाच्या पाळीतून नमुना घेतला आणि तो जंतूंनी भरलेला निघाला.

चट्टा नाही म्हणजे कुष्ठरोग नाही असं कुणी समजू नये, एवढ्यासाठी लिहितेय. आईसारखी कितीतरी माणसं चुकीच्या रांगेत उभी असतील.

चतुःशृंगी

मेधाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. लेप्रोमॅटस कुष्ठरोगात आरए फॅक्टर, एएनए, व्हीडीआरएल या तपासण्या खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात, कारण अँटिबॉडी नुसत्या उधळलेल्या असतात, उपयोगाच्या नसतात. त्यामुळे संधिवात, ल्युपस अशी निदानं होतात. उलट बाजूनं पहिल्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग), पित्त, नाहीतर अ‍ॅलर्जी समजतात, जसं या धाग्यातल्या भाऊजींचं झालं. आपल्याकडे परत परत ताप आणि दुखऱ्या गाठी येणाऱ्या माणसाच्या कानाची पाळी आणि कोपराची नस तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण आजही भारतात सापडतात. २००५ साली राष्ट्रीय पातळीवर दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण झाले आणि 'दूरीकरण' जाहीर झालं. त्यानंतर नव्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून हा आजार सरकला, त्याची किंमत असे रुग्ण मोजतात.

बोपोडीची मेधा

आईला नंतर थॅलिडोमाइड दिलं. दोनतीन दिवसांत ताप गेला, गाठी बसल्या. इतका फरक मी कुठल्याच औषधाचा पाहिला नव्हता. पण ते मिळवताना कागदपत्रं, सह्या, समुपदेशन बरंच होतं.

लक्ष्मीरोड फार्मसी

ते असायलाच हवं. थॅलिडोमाइड पन्नासच्या दशकाच्या शेवटी झोपेचं आणि गर्भारपणातल्या मळमळीचं औषध म्हणून पश्चिम जर्मनीत विकलं गेलं. हातपाय न वाढलेली हजारो बाळं जन्मली आणि १९६१च्या अखेरीस ते मागे घ्यावं लागलं. त्यानंतर जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी ईएनएलच्या वेदनांनी झोप न लागणाऱ्या रुग्णाला निव्वळ झोपेसाठी उरलेल्या गोळ्या दिल्या आणि रिअ‍ॅक्शनच विझली. त्यांनी १९६५ साली ते प्रसिद्ध केलं. ते टीएनएफ कमी करतं हे कळायला १९९१ उजाडलं. अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली ती ईएनएलसाठीच.

पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देण्याआधी शंभर वेळा विचार करावा लागतो. एक गोळीसुद्धा गर्भाचं नुकसान करू शकते. पुरुषांनाही निरोध वापरावा लागतो, कारण औषध वीर्यात उतरतं. कुणाच्या घरी उरलेली पट्टी असेल तर ती कुणालाही देऊ नका, परत करा. आणि पहिल्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनवर या औषधाचा उपयोग नाही, त्यामुळे धाग्यातल्या भाऊजींसाठी हे नाही.

चतुःशृंगी

बरोबर. तरुण स्त्रियांत ईएनएलसाठी क्लोफाझिमिन या एमडीटीतल्याच औषधाचा वाढीव डोस हा चांगला पर्याय आहे. गुण यायला चारसहा आठवडे लागतात, कातडी काळवंडते, पण स्टेरॉइड हळूहळू कमी करता येतं.

येवलेवाडी

एक सरळ विचारतो. लहान मुलं असलेल्या घरात रुग्ण राहिला तर चालतं का? वाईट हेतूनं विचारत नाहीये.

सायकलवाले काका

चालतं. गोळ्या सुरू झाल्या की संसर्गाची भीती लवकरच संपते. भांडी, अंथरूण वेगळं करण्याची गरज नाही. घरातल्यांची एकदा त्वचेची तपासणी करून घ्या, रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस मिळतो, तो घ्या. आणि रिअ‍ॅक्शनमध्ये चट्टे भडकले म्हणजे रुग्ण जास्त संसर्गजन्य झाला असं मुळीच नसतं. याच गैरसमजातून माणसाला गोठ्यात झोपवलेलं मी पाहिलंय.

पाषाणरोड

एचआयव्हीच्या औषधांनंतर कुष्ठरोग प्रकटतो असं वाचलं होतं. तेही याच जातीचं का?

चतुःशृंगी

हो. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू केल्यावर सीडी४ या प्रतिकाराच्या पेशी वाढतात आणि तोवर गप्प असलेला संसर्ग पहिल्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनच्या रूपात बाहेर पडतो. प्रतिकारशक्ती परत आली म्हणूनच आजार दिसला. तिथेही एआरटी थांबवायची नसते.

आणखी एक दुर्मीळ प्रकार आहे, लुसिओ फिनॉमेनन. मेक्सिकोत १८५२ साली लुसिओ आणि अल्वाराडो यांनी वर्णन केलेला. त्वचेतल्या रक्तवाहिन्या बुजून वेडेवाकडे काळे व्रण पडतात. आपल्याकडे क्वचितच, पण नोंदी आहेत.

नीराखोरे

'गोळ्या बंद करू नका' हे वर सगळ्यांनी सांगितलंय. पण माझ्या चुलत्यांना एमडीटीतल्या डॅप्सोनमुळे कावीळ होऊन भरती करावं लागलं होतं. तेव्हा गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर ते वाचले नसते. हेही कुणीतरी लिहायला हवं.

चतुःशृंगी

अगदी रास्त. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. डॅप्सोनची अतिसंवेदनशीलता ही औषधाचीच रिअ‍ॅक्शन. साधारण चारसहा आठवड्यांत येते: सणकून ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी, कावीळ. ती जिवावर बेतू शकते, अशा वेळी डॅप्सोन ताबडतोब बंद करून दवाखाना गाठायचा, आणि पुन्हा ते औषध आयुष्यात घ्यायचं नाही. बाकीची दोन औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू राहतात. चिनी संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की एका विशिष्ट एचएलए जनुकाच्या लोकांना हा धोका जास्त असतो. डॅप्सोननं काहींचं हिमोग्लोबिनही उतरतं, धाप लागते.

लेप्रा रिअ‍ॅक्शनच्या पहिल्या प्रकारात मात्र पेटतात ते जुने चट्टे आणि नसा. चांगली कातडी तशीच राहते. अंगभर सारखी पुरळ, खाज, पिवळे डोळे असतील तर औषधाचा संशय घ्यायचा. लघवी तांबडी होणं हे रिफाम्पिसिनचं, त्याला घाबरायचं नाही.

भवानीपेठ

कडुलिंबाचा काढा आणि पथ्य यानं सूज उतरते असं आमच्याकडे म्हणतात. सोबत घेतला तर?

सायकलवाले काका

सोबत काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, पण नसेच्या बाबतीत काढ्यावर दिवस घालवू नका. नुकतीच कमजोर झालेली नस, म्हणजे सहा महिन्यांच्या आतली, उपचारानं परत येण्याची आशा चांगली असते. त्यापुढे दर महिन्याला ती आशा कमी होत जाते. मग शस्त्रक्रिया उरते. आपल्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात पन्नासच्या दशकात डॉ. नोशीर अंतियांनी वाकडी बोटं सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. ती विद्या आजही आहे, स्नायुबंध फिरवून बोटांना ताकद देता येते, पडलेलं पाऊल उचलता येतं. पण गेलेली संवेदना शस्त्रक्रियेनं परत येत नाही. बधिर पायाला जन्मभर एमसीआरची (सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) मऊ चप्पल, रोज पाण्यात भिजवून तेल लावणं, तळवा आरशात बघणं.

बांधकामावरचे आणि ऊसतोडीचे लोक माझ्या डोळ्यांसमोर येतात. रिअ‍ॅक्शन आली की काम सुटतं, काम सुटलं की मुकादम दुसरा माणूस घेतो, माणूस गावी जातो आणि पाकीट इथल्या दवाखान्यात पडून राहतं. एमबीची १२ महिन्यांची पाकिटं १८ महिन्यांत पूर्ण करता येतात. कार्ड सोबत नेलं तर कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात पुढची पाकिटं फुकट मिळतात. हे त्यांना कुणीतरी निघण्याआधी सांगायला हवं.

मुठाकाठची

कळवते. ससूनला त्वचारोग विभागात दाखवलं. पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन, डाव्या अल्नर नसेला सूज, करंगळीची ताकद कमी. काकांनी लिहिलेली तपासणी जशीच्या तशी केली आणि कार्डावर लिहून दिली. एमडीटी चालू ठेवायला सांगितली, प्रेडनिसोलोन सुरू केलं, रात्री हाताला पट्टी. त्याआधी साखर, रक्तदाब, छातीचा एक्स-रे केला आणि जंताची गोळी दिली. कळ कालपासून कमी आहे, झोप लागली. करंगळी अजून तशीच आहे.

जंताची गोळी का दिली ते विचारायचं राहिलं. आणि सासूबाईंना आता स्टेरॉइडची भीती वाटतेय.

चतुःशृंगी

छान झालं. करंगळीला वेळ लागेल, नस महिन्यांच्या हिशेबानं भरून येते. घाई करू नका आणि कळ थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका, ही चूक सर्रास होते.

जंताची गोळी यासाठी: स्ट्राँगिलॉइड्स नावाचा कृमी आतड्यात गुपचूप असतो. स्टेरॉइडमुळे प्रतिकार दबला की तो शरीरभर पसरून जीवघेणा ठरू शकतो. एक्स-रे क्षयासाठी, त्याचंही तेच. भीती रास्त आहे, म्हणून नियम पाळा: गोळी जेवल्यावर सकाळी, मीठ आणि गोड कमी, साखर दर भेटीत तपासायची, खोकला किंवा ताप आला तर लगेच सांगायचं, मनानं डोस वाढवायचा किंवा एकदम बंद करायचा नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडवर वर्षानुवर्षं राहिलेल्यांची हाडं आणि डोळे गेलेले मी पाहिलेत.

भाऊजींच्या चेहऱ्यावर एखादा चट्टा आहे का? असला तर डोळा पूर्ण मिटतो का ते रोज बघा.

मुठाकाठची

उजव्या गालावर एक आहे, तोही सुजलाय. डोळा आत्ता बघितला. हलकेच मिटला तर किंचित फट राहते, जोर लावला की मिटतो.

चतुःशृंगी

मग पुढच्या भेटीची वाट बघू नका. उद्याच परत जा आणि चेहऱ्याची नस तपासायला सांगा. तोवर डोळा चोळायचा नाही, बाहेर जाताना चष्मा, झोपताना डोळ्यावर स्वच्छ मऊ कापड. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसायला लागलं तर रात्र असली तरी निघा.

मुठाकाठची

निघतोय सकाळी सातला.